मधुमेहजन्य वृक्कविकार : आनुवंशिक घटक

मधुमेह दीर्घकाळ असलेल्या व्यक्तींच्या वृक्कांमधील (मूत्रपिंडांमधील) सूक्ष्म रक्तवाहिन्यांना हळूहळू इजा पोहोचते, मूत्रावाटे अल्ब्युमीन हे प्रथिन जाऊ लागते, रक्तदाब वाढतो आणि अखेरीस वृक्कांची गाळणक्रिया मंदावते. या विकारास मधुमेहजन्य वृक्कविकार म्हणतात. मधुमेहाच्या सर्वच रुग्णांना तो होत नाही. साधारणपणे ३० ते ४० टक्के रुग्णांत तो उद्‌भवतो. उरलेल्यांपैकी काहींचे वृक्क रक्तातील ग्लुकोजचे नियंत्रण समाधानकारक नसूनही अनेक वर्षे निरोगी राहतात. याउलट, पथ्य व औषधे नियमितपणे पाळणाऱ्या काही रुग्णांनाही हा विकार जडतो. मधुमेहाचा कालावधी, ग्लुकोजची पातळी, रक्तदाब व तंबाखूचे सेवन या ज्ञात कारणांनी या तफावतीचा काही भाग उलगडतो. उरलेल्या भागाचा संबंध आनुवंशिकतेशी आहे. प्रस्तुत नोंदीत या आनुवंशिक घटकांचे स्वरूप, त्यांविषयीचा पुरावा आणि त्यांचे व्यावहारिक महत्त्व यांचे विवेचन केले आहे.

व्याप्ती : भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने सर्व राज्यांत केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील प्रौढांपैकी ११·४ टक्के व्यक्तींना, म्हणजे सु. १० कोटी १० लक्ष लोकांना, मधुमेह असल्याचा अंदाज करण्यात आला. याच पाहणीच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील प्रमाण ८·४ टक्के होते. दीर्घकालिक वृक्कविकाराच्या भारतीय नोंदपटात (२०१२) सु. ५२,००० रुग्णांची माहिती संकलित झाली असून त्यांपैकी सु. ३१ टक्के रुग्णांत विकाराचे कारण मधुमेह हे होते. चेन्नई येथील नागरी पाहणीत (२००७) मधुमेही व्यक्तींपैकी सु. २७ टक्के व्यक्तींच्या मूत्रात अल्ब्युमीन अल्प प्रमाणात आढळले, तर सु. २ टक्के व्यक्तींत विकार उघड स्वरूपाचा होता. म्हणजे विकाराची सुरुवात झालेले, पण तशी जाणीव नसलेले रुग्ण उघड रुग्णांपेक्षा कितीतरी अधिक असतात.

विकृतिविज्ञान : प्रत्येक वृक्कात सु. दहा लाख वृक्काणू (मूत्र तयार करणारी सूक्ष्म एकके) असतात. व्यक्तिव्यक्तींमध्ये ही संख्या बरीच कमीअधिक असते. प्रत्येक वृक्काणूच्या आरंभी केशिकागुच्छ (अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचा पुंजका) असतो. रक्त गाळण्याचे काम या गुच्छाच्या भिंतीत होते. या भिंतीला तीन थर असतात : आतील बाजूस केशिकेच्या कोशिका (पेशी), मध्ये कोलॅजेन तंतूंनी विणलेले आधारपटल आणि बाहेरील बाजूस पायासारखे फाटे असलेल्या पादकोशिका. दोन्ही वृक्कांतून दिवसाकाठी सु. १८० लि. द्रव गाळला जातो व त्यातील बहुतेक सर्व पुन्हा शोषला जातो.

रक्तातील ग्लुकोज सतत वाढलेले राहिल्यास केशिकागुच्छातील दाब वाढतो, आधारपटल जाड होते, केशिकांमधील ऊतकाची वाढ होते आणि पादकोशिका गळून पडतात. पॉल किमेलस्टील आणि क्लिफर्ड विल्सन यांनी १९३६ मध्ये अशा वृक्कांतील गाठींसारख्या बदलांचे वर्णन केले. या गाठी आजही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. चाळणीची भोके जणू सैल झाल्यामुळे प्रथम अल्ब्युमीन गळू लागते आणि पुढे केशिकागुच्छ एकामागून एक निकामी होतात. नष्ट झालेले वृक्काणू पुन्हा निर्माण होत नाहीत.

आनुवंशिकतेचा पुरावा : डेन्मार्कमध्ये १९५३ पूर्वी निदान झालेल्या पहिल्या प्रकारच्या (इन्शुलीनावर अवलंबून असलेल्या) मधुमेहाच्या १,४७५ रुग्णांचा अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ४१ टक्के रुग्णांना वृक्कविकार झाला. विकाराच्या नव्या रुग्णांचे प्रमाण मधुमेह सुरू झाल्यानंतर सु. सोळाव्या वर्षी सर्वाधिक होते व त्यापुढे ते घटत गेले. इजा केवळ ग्लुकोजच्या संचित परिणामाने होत असती, तर हे प्रमाण वर्षागणिक वाढतच जावयास हवे होते. ते घटले याचा अर्थ असा की, विकारास पात्र असलेले रुग्ण आधी बाहेर पडतात आणि उरलेल्यांत काही ना काही प्रतिकारक्षमता असते.

यानंतर कुटुंबांच्या अभ्यासाकडे लक्ष वळले. अमेरिकेतील मिनेसोटा येथील १९८९ च्या अभ्यासात एकाहून अधिक मधुमेही भावंडे असलेली कुटुंबे निवडण्यात आली. प्रथम तपासलेल्या रुग्णाला वृक्कविकार असल्यास त्याच्या २९ मधुमेही भावंडांपैकी २४ जणांत (८३ टक्के) विकाराची चिन्हे आढळली. प्रथम रुग्णाचे वृक्क निरोगी असल्यास १२ पैकी केवळ दोघांत (१७ टक्के) ती दिसली. ॲरिझोनातील पिमा जमातीत दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे प्रमाण फार मोठे आहे. तेथे १९९० मध्ये असे आढळले की, माता व पिता दोघेही मधुमेही असून त्यांच्यापैकी कोणाच्याही मूत्रात प्रथिन जात नसेल, तर त्यांच्या मधुमेही अपत्यांपैकी सु. १४ टक्के अपत्यांच्या मूत्रात प्रथिन आढळते. एका पालकाच्या मूत्रात ते जात असल्यास हे प्रमाण सु. २३ टक्के व दोघांच्याही मूत्रात जात असल्यास सु. ४६ टक्के होते. भारतातील महत्त्वाचा पुरावा चेन्नई येथून १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. वृक्कविकार असलेल्या रुग्णांच्या मधुमेही भावंडांपैकी निम्म्या भावंडांच्या मूत्रात प्रथिन उघडपणे जात होते आणि आणखी सु. २७ टक्के भावंडांत त्याचे प्रमाण अल्प होते. वृक्क निरोगी असलेल्या रुग्णांच्या भावंडांत उघड प्रथिनमेह एकातही आढळला नाही.

या आकड्यांचा अर्थ लावताना एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. सख्ख्या भावंडांत सरासरीने निम्मी जनुके समान असतात, पण स्वयंपाकघर संपूर्ण समान असते. आहारातील मीठ, तंबाखू वा मशेरी लावण्याची सवय, उपचार घेण्याची ऐपत आणि दवाखान्यापासूनचे अंतर हेही कुटुंबातील सर्वांच्या वाट्याला सारखेच येते. त्यामुळे विकार कुटुंबात गोळा होतो एवढ्यावरून तो सर्वस्वी जनुकांमुळे होतो, असा निष्कर्ष काढता येत नाही. म्हणूनच पुढील संशोधन प्रत्यक्ष जनुकांच्या शोधाकडे वळले.

जबाबदार जनुके : मधुमेहजन्य वृक्कविकार एका जनुकाच्या दोषाने होत नाही. अनेक जनुकांतील लहानलहान फरक एकत्र येतात व प्रत्येक फरकाचा वाटा अल्प असतो. अशा विकारांना बहुजनुकी विकार म्हणतात. यांत आनुवंशिक मिळते ती प्रवणता, प्रत्यक्ष रोग नव्हे.

अभ्यासाच्या पहिल्या टप्प्यात शरीरक्रियाविज्ञानाच्या आधारे संशयित जनुके निवडण्यात आली. त्यांपैकी एसीई हे सर्वांत अधिक अभ्यासले गेलेले जनुक होय. सतराव्या गुणसूत्रावरील हे जनुक रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या अँजिओटेन्सीन या द्रव्याच्या निर्मितीस आवश्यक असलेले एंझाइम तयार करते. या जनुकात सु. २८७ घटकांचा एक तुकडा काहींत असतो, तर काहींत नसतो. ज्यांच्या दोन्ही प्रतींत तो नसतो त्यांच्या रक्तात हे एंझाइम अधिक असते, असे फ्रेंच संशोधकांनी १९९० मध्ये दाखविले. अशा व्यक्तींत वृक्कविकाराचा धोका काहीसा अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले, पण सर्वच अभ्यासांत नाही. जपानमध्ये २००५ मध्ये ईएलएमओ१ या जनुकाचा संबंध दाखविण्यात आला. त्याच वर्षी यूरोपीय संशोधकांनी अठराव्या गुणसूत्रावरील सीएनडीपी१ या जनुकाच्या एका रूपामुळे संरक्षण मिळते, असे प्रतिपादन केले. अशा निष्कर्षांपैकी पुष्कळांची अन्य लोकसमूहांत पुनःप्रचीती आली नाही. लहान नमुने व मिश्र लोकसमूह ही त्याची प्रमुख कारणे होत.

दुसऱ्या टप्प्यात पूर्वग्रह न ठेवता संपूर्ण जीनसंच तपासण्याची पद्धत रूढ झाली. हजारो रुग्णांच्या गुणसूत्रांवरील लाखो ठिकाणे एकाच वेळी ताडून पाहिली जातात. २०१९ मध्ये यूरोपीय वंशाच्या सु. १९,४०० पहिल्या प्रकारच्या मधुमेही व्यक्तींवरील असा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १६ ठिकाणांचा संबंध निश्चित करण्यात आला. त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचे ठिकाण दुसऱ्या गुणसूत्रावरील सीओएल४ए३ या जनुकात आहे. आधारपटलातील कोलॅजेनाची एक साखळी या जनुकाच्या आदेशानुसार बनते. या साखळीतील ३२६ व्या स्थानी ॲस्पार्टिक अम्लाऐवजी टायरोसीन हे ॲमिनो अम्ल असलेल्या व्यक्तींत आधारपटल तुलनेने पातळ राहते व वृक्कविकाराचा धोका कमी असतो. जे पटल मधुमेहात जाड होते, त्याच्याच घडणीशी निगडित असलेले जनुक हाती लागल्याने विकृतिविज्ञान व आनुवंशिकी यांचा मेळ बसला. ज्यांच्या ग्लुकोजचे नियंत्रण ढिले होते त्यांच्यात हा फरक अधिक ठळक दिसला. जनुकाचा परिणाम परिस्थितीवर अवलंबून असतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

एपीओएल१ या जनुकाचा इतिहास उद्‌बोधक असून त्यात महाराष्ट्रातील एका घटनेचा वाटा आहे. या जनुकापासून बनणारे प्रथिन ट्रिपॅनोसोमा गटातील परजीवींचा नाश करते. आफ्रिकेत निद्रारोगापासून संरक्षण देणारी त्याची दोन बदललेली रूपे पसरली. परंतु अशा दोन प्रती असलेल्या व्यक्तींत वृक्कविकाराचा धोका पुष्कळच वाढतो, असे २०१० मध्ये सिद्ध झाले. मधुमेह असो वा नसो, त्यांच्यातील वृक्कविकार अधिक वेगाने बळावतो, हे २०१३ मधील अमेरिकन अभ्यासात दिसून आले. जनावरांना सर्रा हा रोग देणाऱ्या परजीवीचे मानवातील संक्रमण विदर्भातील एका रुग्णात आढळल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या रक्तात एपीओएल१ प्रथिन मुळीच नसल्याचे २००६ मध्ये कळून आले, कारण जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी होत्या. त्या व्यक्तीचा व तिच्या गावातील लोकांचा पुढे अभ्यास झाला, तेव्हा प्रथिनाचा अभाव व केशिकागुच्छांचा विकार यांचा संबंध आढळला नाही (२०१२). म्हणजे वृक्काला इजा होते ती प्रथिन नसल्यामुळे नव्हे, तर बदललेले प्रथिन अपायकारक असल्यामुळे. या निष्कर्षामुळे त्या प्रथिनाचे कार्य रोखणारी औषधे शोधण्याच्या प्रयत्नास आधार मिळाला. आफ्रिकी वंशाच्या लोकांत प्रभावी ठरलेले हे जनुक भारतीयांतील वृक्कविकाराचा उलगडा करू शकत नाही. एका लोकसमूहातील निष्कर्ष दुसऱ्यास तसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

मधुमेहाची स्वतःची आनुवंशिकता : वृक्कविकाराची प्रवणता आणि मधुमेहाची प्रवणता या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरीविषयी महाराष्ट्रात मोलाचे संशोधन झाले आहे. पुण्याचे केईएम रुग्णालय आणि हैदराबादची कोशिकीय व रेणवीय जीवविज्ञान संस्था यांनी मिळून टीसीएफ७एल२ या जनुकाचा भारतीयांतील दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाशी असलेला दृढ संबंध २००७ मध्ये दाखविला. एफटीओ हे जनुक यूरोपीयांत लठ्ठपणाच्या द्वारे मधुमेहास कारणीभूत होते. भारतीयांत त्याचा परिणाम केवळ लठ्ठपणाच्या द्वारे होत नाही, असे पुण्यातील संशोधनात २००९ मध्ये आढळले.

वृक्क व मधुमेह या दोहोंना एकाच वेळी बाधित करणारे काही विरळ एकजनुकी विकार आहेत. एचएनएफ१बी या जनुकातील उत्परिवर्तनामुळे वृक्कांत द्रवयुक्त पुटी होतात व तरुणपणीच मधुमेह होतो. कलकणूंतील (कोशिकेतील ऊर्जानिर्मिती करणाऱ्या कणांतील) ३२४३ व्या स्थानी होणाऱ्या बदलामुळे मधुमेह, बहिरेपणा व वृक्कविकार एकत्र आढळतात. हा विकार केवळ मातेकडून संततीस मिळतो. तरुण वय, ऐकू कमी येणे, मूत्रातून रक्त जाणे किंवा मधुमेहाच्या आधीच वृक्कविकार असणे यांपैकी काही आढळल्यास अशा कारणांचा शोध घ्यावा लागतो. मधुमेही व्यक्तीचा प्रत्येक वृक्कविकार मधुमेहामुळेच होतो, असे गृहीत धरणे योग्य नव्हे.

नात्यातील विवाह : दक्षिण महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल अनेक समाजांत रूढ आहे. सख्ख्या आतेमामे भावंडांत सरासरीने एक अष्टमांश जनुके समान असतात. त्यामुळे दोन्ही पालकांकडून सदोष प्रत मिळाल्यासच प्रकट होणारे विकार अशा संततीत अधिक संभवतात. वर उल्लेखिलेल्या सीओएल४ए३ जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्यास होणारा आल्पोर्ट विकार हे त्याचे उदाहरण होय. त्यात मूत्रातून रक्त जाते, श्रवणशक्ती क्षीण होते आणि वृक्क निकामी होतात. मधुमेहजन्य वृक्कविकार बहुजनुकी असल्याने त्यावर अशा विवाहाचा परिणाम तुलनेने अल्प असतो.

गर्भावस्थेतील पोषण : पिढीजात वाटणारी प्रत्येक गोष्ट जनुकांतूनच येते असे नाही. वृक्काणूंची संख्या जन्माच्या वेळी निश्चित झालेली असते व कमी वजनाच्या अर्भकांत ती कमी असते. बॅरी ब्रेनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये असे प्रतिपादन केले की, कमी वृक्काणू असलेल्या व्यक्तींत प्रत्येक केशिकागुच्छावर अधिक ताण पडतो व पुढील आयुष्यात उच्च रक्तदाब व वृक्कविकार संभवतात. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ मध्ये मातांच्या पोषणाचा दीर्घकालिक अभ्यास सुरू केला. तेथील नवजात अर्भके वजनाने कमी असली, तरी त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते, असे त्यांना आढळले. मधुमेहाची प्रवणता आणि वृक्काणूंची कमतरता या दोहोंची मुळे अशा रीतीने गर्भावस्थेतील कुपोषणात एकत्र येऊ शकतात. जनुके बदलता येत नाहीत, पण गर्भवतीचा आहार सुधारता येतो.

निदान : मूत्रातील अल्ब्युमिनाचे क्रिॲटिनिनाशी असलेले प्रमाण ही प्रारंभिक अवस्थेतील सर्वांत उपयुक्त कसोटी होय. हे प्रमाण प्रतिग्रॅम क्रिॲटिनिनामागे ३० मिग्रॅ. पेक्षा कमी असणे प्राकृत, ३० ते ३०० मिग्रॅ. असणे प्रारंभिक विकाराचे व त्याहून अधिक असणे प्रगत विकाराचे लक्षण समजतात. ताप, मूत्रमार्गाचे संक्रमण किंवा अतिश्रम यांमुळेही ते तात्पुरते वाढते. म्हणून तीन महिन्यांत पुन्हा तपासणी करून खात्री करतात. रक्तातील क्रिॲटिनिनावरून गाळणक्रियेचा वेग काढतात. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान होताच व पहिल्या प्रकारात पाच वर्षांनंतर या तपासण्या सुरू करून त्या दरवर्षी कराव्यात, असा संकेत आहे. जनुकांची चाचणी करून कोणत्या मधुमेही व्यक्तीला वृक्कविकार होईल हे सांगता येत नाही. तशा चाचणीचा नेहमीच्या उपचारांत उपयोग केला जात नाही. एकजनुकी विकाराचा संशय असल्यास मात्र ती निर्णायक ठरते.

प्रतिबंध व चिकित्सा : आनुवंशिक प्रवणता असली, तरी विकार टाळता किंवा लांबविता येतो. पहिल्या प्रकारच्या मधुमेहावरील १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चिकित्सा-चाचणीत ग्लुकोजच्या काटेकोर नियंत्रणामुळे मूत्रात अल्ब्युमीन अल्प प्रमाणात जाऊ लागण्याचा धोका ३९ टक्क्यांनी व उघड अल्ब्युमीनमेहाचा धोका ५४ टक्क्यांनी घटला. एसीई एंझाइमास रोध करणाऱ्या कॅप्टोप्रिलाने विकाराची गती मंदावते, हे त्याच वर्षी सिद्ध झाले. लोसार्टान व इर्बेसार्टान यांचा असाच उपयोग २००१ मध्ये दिसून आला. वृक्कातील ग्लुकोजचे पुनर्शोषण रोखणाऱ्या औषधांनी (२०१९ मध्ये कॅनाग्लिफ्लोझीन, २०२० मध्ये डॅपाग्लिफ्लोझीन) उपचारांत मोठी भर घातली. सेमाग्लुटाइडाचा लाभ २०२४ मध्ये सिद्ध झाला. मीठ कमी करणे, तंबाखू सोडणे, रक्तदाब आटोक्यात ठेवणे व वेदनाशामक गोळ्या वैद्याच्या सल्ल्यावाचून न घेणे ही पथ्ये तितकीच महत्त्वाची आहेत.

वृक्क निकामी झाल्यास अपोहन (रक्त यंत्राद्वारे शुद्ध करणे) किंवा प्रतिरोपण एवढेच मार्ग उरतात. प्रतिरोपणाच्या वेळी आनुवंशिकतेचा प्रश्न कुटुंबापुढे प्रत्यक्ष उभा राहतो. मानवी अवयव प्रतिरोपण अधिनियम, १९९४ नुसार माता, पिता, अपत्ये, भावंडे व पती वा पत्नी हे निकटचे नातलग समजले जात. २०११ च्या सुधारणेने आजीआजोबा व नातवंडे यांचा त्यांत समावेश झाला. रुग्णाचा धाकटा भाऊ वा बहीण दाता होण्यास उत्सुक असली, तरी मधुमेह व वृक्कविकार या दोहोंची प्रवणता तिच्यातही असू शकते आणि एक वृक्क दिल्यावर पुढे विकार झाल्यास तिची शिल्लक शक्ती अपुरी पडते. यास्तव अशा दात्याची ग्लुकोज सहनशक्ती, मूत्र व रक्तदाब यांची कसून तपासणी करतात. दात्याचे वय जितके कमी तितका निर्णय अधिक सावधपणे घ्यावा लागतो, कारण त्याचा मधुमेह प्रकट होण्याचे वय अजून यावयाचे असते. पत्नीचे वा पतीचे वृक्क या दृष्टीने कित्येकदा अधिक निर्धोक ठरते.

दुर्गम भागातील महत्त्व : कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुका सह्याद्रीच्या माथ्यालगत, अतिपावसाच्या प्रदेशात वसलेला आहे. भोगावती नदीवरील धरण व दाजीपूरचे गव्यांचे अभयारण्य यांसाठी तो प्रसिद्ध आहे. राधानगरी गाव कोल्हापूरपासून सु. ५० किमी. अंतरावर असून तालुक्यातील वाड्यावस्त्या त्याहून आत विखुरल्या आहेत. अपोहन सामान्यतः आठवड्यातून तीनदा व प्रत्येक वेळी सु. चार तास करावे लागते. शासकीय योजनांतून त्याचा खर्च भागला, तरी मजुरी बुडते, सोबत एक माणूस अडकून पडतो आणि पावसाळ्यात घाटवाटांचा प्रवास अवघड होतो. अशा ठिकाणी विकार वेळीच ओळखणे हाच खरा उपचार ठरतो. त्यासाठी महागड्या जनुकीय चाचणीची गरज नाही. ‘घरात कोणाला मधुमेह होता काय? कोणाचे वृक्क निकामी झाले काय? कोणाचे रक्त यंत्राने शुद्ध करावे लागले काय?’ हे प्रश्न विचारण्यास काहीच खर्च येत नाही. एका रुग्णाचे निदान होताच त्याच्या मधुमेही भावंडांचे मूत्र तपासावे आणि मधुमेह नसलेल्यांच्या रक्तातील ग्लुकोज व रक्तदाब मोजावा. चेन्नई येथील अभ्यासाचा व्यावहारिक अर्थ हाच आहे.

आनुवंशिकतेविषयी समाजात दोन चुकीच्या समजुती आढळतात. एक म्हणजे ‘घराण्यातच आहे, तेव्हा उपाय नाही’ आणि दुसरी म्हणजे ‘आमच्या घराण्यात नाही, तेव्हा भीती नाही’. पहिलीमुळे उपचार सोडले जातात, तर दुसरीमुळे तपासणी टाळली जाते. विवाह ठरविताना असा इतिहास लपविण्याची प्रवृत्तीही दिसते. तिचा परिणाम असा होतो की, ज्या पिढीला ही माहिती सर्वांत उपयोगी पडली असती तिलाच ती मिळत नाही.

संशोधनाची दिशा : आतापर्यंतचे बहुतेक मोठे अभ्यास यूरोपीय वंशाच्या लोकांवर झालेले आहेत. भारतात असंख्य जाती-जमाती शतकानुशतके आपापल्या गटातच विवाह करीत आल्याने येथील जनुकीय विविधता वेगळ्या स्वरूपाची आहे. केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये हाती घेतलेल्या प्रकल्पात देशातील विविध लोकसमूहांतील सु. १०,००० व्यक्तींचे जीनसंच वाचण्यात आले व ती माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली. ग्लुकोजच्या संपर्काने जनुकांचा क्रम न बदलता त्यांचे कार्य दीर्घकाळ बदलते काय, याचाही अभ्यास चालू आहे. काही वर्षांच्या चांगल्या नियंत्रणाचा लाभ ते नियंत्रण सैल झाल्यावरही टिकून राहतो, या निरीक्षणाचे स्पष्टीकरण त्यातून मिळण्याची शक्यता आहे. तोपर्यंत कुटुंबाचा इतिहास, मूत्राची वार्षिक तपासणी आणि रक्तदाबाचे मापन हीच प्रवणता ओळखण्याची व तिला आवर घालण्याची विश्वसनीय साधने होत.